सुर्ला साइडिंग

पेडणे आणि मडुरे यांच्यामधला कोकण रेल्वेचा बोगदा दीड किलोमीटरहून थोडा लांब आहे. खोदताना भुसभुशीत, ओली माती पुन्हा पुन्हा ढासळली आणि अभियंते मेटाकुटीला आले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. हाच बोगदा लघुरेल्वेच्या एचओ प्रमाणात, म्हणजे ८७ पट लहान करून घरात मांडायचा तर जवळजवळ १८ मीटर जागा हवी. गोव्यातल्या सुर्ला गावातल्या ऐसपैस घराची ओसरीही त्याला अपुरी पडेल.

गाडीचेही तेच. साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा एचओमध्ये २७ सेंमी होतो. २० डब्यांची गाडी, इंजिन सोडून, जवळजवळ साडेपाच मीटर. म्हणून छोट्या जागेचा आराखडा काय वगळायचे इथूनच सुरू होतो.

मोठी जागा मिळाली तर काय होते ते पुण्यात कोथरूडला दिसते. भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यानंतर दोनच महिन्यांनी, उघडले. रूळ, सिग्नल, पूल, रस्ते, दिवे असे अख्खे शहर तिथे एकत्र नांदते. या छंदात पडलेल्या प्रत्येकाने ते पाहावे, पण घरी त्याची नक्कल करू नये. शयनगृहाच्या कोपऱ्यात शहर कोंबले की गाडी फक्त गोल गोल फिरते आणि आठवड्याभरात तिच्यावर धूळ बसते.

वळणाचा हिशेब कडक असतो. एचओमधल्या नेहमीच्या सर्वांत घट्ट वळणाची त्रिज्या ३६ सेंमीच्या आसपास असते, म्हणजे पूर्ण वर्तुळासाठी कडा धरून ८० सेंमी रुंदीचे टेबल लागते. एन प्रमाणात (१:१६०) ते साधारण निम्म्यावर येते. दूधसागरचा घाट तर विसरावाच. कॅसलरॉक ते कुळे या घाटात चढ ३७ ला १ आहे, मालगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. एका रुळावरून दुसरा न्यायला एचओमध्ये साडेसात सेंमी उंची लागते. दूधसागरच्याच चढाने ती गाठायची तर जवळपास २.८ मीटर रूळ हवा. अख्खी भिंत चढण्यातच संपते.

यावर सर्वांत सुंदर तोड ॲलन राइट या ब्रिटिश छंदिष्टाने काढली. इंगलनूक नावाच्या त्याच्या आराखड्यात दोन सांधे आणि तीन साइडिंगे असतात. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी. एकूण आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि शंटिंग करून त्याच क्रमाने उभ्या करायच्या. शक्य क्रम ६,७२०! बॉक्सएन वाघीण एचओमध्ये १२ सेंमीची, त्यामुळे सगळा पसारा पावणेदोन मीटर लांब आणि फूटभर रुंद फळीवर बसतो. फळी कपाटावर ठेवा, खिडकीखाली ठेवा, वर्षभर कंटाळा येत नाही.

सुर्ल्यासाठी याहून योग्य आराखडा सापडणे कठीण. इथल्या खाणींमधले खनिज ट्रकने जेटीवर आणि तिथून बार्जने मुरगावला जायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. फळीवर मात्र हेच खनिज वाघिणींत भरता येते. मागे लाल डोंगराचा उतार, कडेला चिऱ्याची भिंत, आणि गाडी अदृश्य व्हायला पेडण्यासारखे बोगद्याचे एक तोंड. मातीही गावचीच वापरावी, पण आधी चाळणीवर चुंबक फिरवून. त्याला चिकटणारे कण रुळाजवळ राहिले तर इंजिनाच्या मोटारीत जातात आणि ती अडकते. गोव्याच्या पावसात साधे प्लायवुड फुगते, सांधे वाकडे होतात. पाण्याने थर न सुटणारे मरीन प्लाय घ्यावे आणि कापलेल्या कडांनाही रंग द्यावा.

रूळ विकत घेण्याआधी एक काम आवर्जून करा. वर्तमानपत्रे चिकटवून फळीच्या मापाचा कागद तयार करा, त्यावर सांधे आणि साइडिंगे खऱ्या मापात आखा, आणि वाघिणींऐवजी १२ सेंमीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून खेळून पाहा. पट्ट्या अडल्या तर पेन्सिलीची रेघ खोडा. या टप्प्यावर खर्च फक्त खोडरबराचा आहे.