मरणाचा हक्क (लेखांक 5) : सही कोण करतं?

मागच्या आठवड्यात आपण 1996 च्या ग्यान कौर निकालापाशी थांबलो होतो. घटनेच्या 21व्या कलमात जगण्याचा हक्क आहे, मरण्याचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये मारुती डुबल प्रकरणात घेतलेली उलट भूमिका मागे पडली. पुढचं वळण आलं परळच्या केईएम रुग्णालयातून.

अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर 18 मे 2015 रोजी प्राण जाईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणं थांबवावं, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणींनी सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयाने तपासणीला तीन डॉक्टर पाठवले. मासे आणि चिकन सूप अरुणाताईंना आवडतं, अशी नोंद त्यांच्या अहवालात आहे. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण भरवणं, कूस बदलणं चालूच राहिलं. 7 मार्च 2011 रोजी याचिका फेटाळताना न्यायालय म्हणालं, अरुणाताईंच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. मला हा निकालाचा गाभा वाटतो. ज्यांनी सेवा केली, त्यांचा शब्द आधी.

याचिका फेटाळली, तरी त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवायची वाट उघडली. 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि 'लिव्हिंग विल', म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. 24 जानेवारी 2023 रोजी त्याची किचकट प्रक्रिया सोपी झाली.

मागणाऱ्याच्या हाती प्राणघातक औषध देणं मात्र आजही गुन्हाच. स्वित्झर्लंडमध्ये मदत करणाऱ्याचा स्वार्थ नसेल तर ते चालतं; आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या 108व्या कलमाखाली 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बदलावं का? माझं आजचं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण आपल्याच गावांत आहे.

उल्हासनगर ते बदलापूर कुठल्याही खासगी आयसीयूबाहेर संध्याकाळी उभं राहा. दिवसाचं बिल हातात पडतं, दागिने गहाण पडलेले असतात, मोठा भाऊ बाजूला जाऊन फोन लावतो. शेवटी कोणीतरी 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' असं लिहून सही करतं. डॉक्टरांच्या भाषेत 'डामा', म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेणं. त्यात रुग्णाला कोणी विचारलेलं नसतं, उपचार थांबवण्याआधी कायद्याने लागणारं डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड नसतं, घरी वेदना कमी करणारं कोणी नसतं. म्हातारी माणसं तर आधीच म्हणतात, "माझ्यावर आता खर्च करू नका रे." जिथे पैसा संपल्यावर उपचार संपतात, तिथे मरणाची मागणी मनापासूनची आहे की मुलांच्या कर्जापोटी, हे कुठलं बोर्ड ओळखणार? शुद्धीवर असलेला, पैशाची ददात नसलेला, तरीही असह्य वेदना सोसणारा रुग्ण या उत्तराने पोरका होतो, हे मला जाणवतं. त्याच्यासाठी माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

पण जे कायद्यात आहे, ते तरी वापरूया. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, विचार करायला सक्षम असलेल्या कोणालाही लिव्हिंग विल करता येतं. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, ते स्पष्ट लिहा. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं घाला. एकाहून अधिकही चालतात. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे ठेवा, एक उल्हासनगर महापालिकेच्या किंवा अंबरनाथ, बदलापूर नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. आणि त्याआधी घरच्यांना समोर बसवून सगळं बोला, म्हणजे आयसीयूबाहेर तुमच्या वतीने सही करणाऱ्याला तुमची इच्छा माहीत असेल.