२.९८४० : न्यूट्रिनो मोजताना नेमकं काय मोजलं?

न्यूट्रिनोचे प्रकार किती? एमएस्सीच्या पुस्तकात उत्तर तीन आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या लेप कोलायडरचा अंतिम निकाल २००६ साली छापून आला, त्यात उत्तर होतं २.९८४०, अधिक-उणे ०.००८२. आता २.९८ न्यूट्रिनो म्हणजे काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो अगदी बरोबर पडलाय. कारण कोणी न्यूट्रिनो मोजलेच नव्हते. डिटेक्टरमधून ते काही खूण न ठेवता निघून जातात.

मोजला होता तो झेड बोसॉन. लेपच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळायचे. दोघांची मिळून ऊर्जा ९१ जीईव्हीच्या आसपास नेली की झेड तयार होतो आणि लगेच फुटतो. जवळपास ७० टक्के वेळा क्वार्कच्या जोडीत, १० टक्के वेळा विद्युतभारित लेप्टॉनच्या जोडीत आणि उरलेल्या २० टक्के वेळा न्यूट्रिनोच्या जोडीत, म्हणजे आपल्या दृष्टीनं गायब.

मग गायब गोष्ट मोजायची कशी? एक टाकी डोळ्यांसमोर आणा. तिला काही नळ आहेत. काहींचं पाणी तुमच्या बादलीत पडतं, काहींचं भिंतीमागे वाहून जातं. भिंतीमागे किती नळ आहेत ते दिसत नाही, पण टाकी किती लवकर रिकामी होते त्यावरून कळतं. झेडचं तसंच आहे. फुटण्याचे मार्ग जितके जास्त, तितकं त्याचं आयुष्य कमी. आयुष्य कमी म्हणजे अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार ऊर्जेच्या आलेखातलं शिखर जास्त पसरट, आणि त्याची उंची कमी. न्यूट्रिनोचा चौथा हलका प्रकार असता तर हे शिखर साधारण १३ टक्क्यांनी खाली आलं असतं. एवढा मोठा फरक लपत नाही. म्हणून १९८९ साली लेप सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ‘चौथा नाही’ हे स्पष्ट झालं. (‘हलका’ हा शब्द सोडू नका. ज्याचं वस्तुमान झेडच्या निम्म्याहून जास्त आहे, त्याबद्दल हे मोजमाप काहीच सांगत नाही.)

खरी कसरत त्यानंतरची. एक टक्क्याच्या दहाव्या भागापर्यंत जायचं असेल तर शिखराची उंची तितक्या बारकाईनं कळायला हवी. उंची म्हणजे क्रॉस सेक्शन, आणि क्रॉस सेक्शन म्हणजे साधा भागाकार: किती झेड दिसले, भागिले ल्युमिनॉसिटी, म्हणजे किरणांनी एकमेकांना धडकण्याची किती संधी दिली. अंशाची चिंता कमी होती, चारही प्रयोगांकडे मिळून १ कोटी ७० लाख झेड होते. घोळ छेदात होता.

छेद मोजायला अशी प्रक्रिया लागते जिचं गणित आपल्याला झेडवर अवलंबून न राहता पक्कं येतं. इथे आपल्या ओळखीचं नाव येतं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून विखुरतात त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. होमी भाभांनी हे गणित केंब्रिजमध्ये असताना केलं, १९३६ साली ते प्रसिद्ध झालं. लेपवरच्या एल-३ प्रयोगात त्यांनीच उभ्या केलेल्या टीआयएफआरचा गट होता, हेही जाता जाता सांगतो.

अगदी लहान कोनातले भाभा इलेक्ट्रॉन मोजायचे आणि गणितानं भागून ल्युमिनॉसिटी काढायची. अडचण अशी की कोन लहान होत जातो तशी त्यांची संख्या झपाट्यानं वाढते. त्यामुळे डिटेक्टरची आतली कड नक्की कुठे आहे याला फार महत्त्व येतं. ती दहा-वीस मायक्रॉननं इकडेतिकडे झाली तरी उत्तर हलतं.

चंद्राच्या ओढीनं लेपचं वर्तुळ सुमारे एक मिलिमीटरनं कमीजास्त व्हायचं आणि किरणाची ऊर्जा बदलायची, जवळून जाणाऱ्या विजेच्या रेल्वेगाड्यांच्या जमिनीतल्या प्रवाहानं चुंबकांचं क्षेत्र सरकायचं, या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. खऱ्या आहेत, मजेशीरही आहेत. पण त्या झेडच्या वस्तुमानाच्या मोजमापातल्या. मला त्यांच्यापेक्षा पुढची गोष्ट जास्त अस्वस्थ करते, कारण ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

२.९८४० आणि ३ यांतला फरक जवळपास दोन सिग्मा आहे. दोन सिग्मावर कोणी नव्या शोधाची घोषणा करत नाही, पण दुर्लक्षही करवत नाही. झेड आणि न्यूट्रिनोचं नातं स्टँडर्ड मॉडेल सांगतं त्यापेक्षा किंचित सैल असेल तर असाच तीनपेक्षा कमी आकडा येईल, असं सांगणाऱ्या कल्पना मांडल्याही गेल्या.

मग २०१९ साली, भविष्यातल्या नव्या वर्तुळाकार कोलायडरची तयारी करणाऱ्या काही जणांना एक गोष्ट दिसली. विखुरलेला इलेक्ट्रॉन बाहेर पडताना समोरून येणाऱ्या पॉझिट्रॉनच्या पुंजक्यातून जातो. पुंजका धनभारित, त्यामुळे इलेक्ट्रॉन अगदी किंचित आत, अक्षाकडे ओढला जातो. पॉझिट्रॉनचंही उलट बाजूनं तेच. परिणामी आतल्या कडेजवळचे काही कण डिटेक्टर चुकवून निसटतात. मोजलेली ल्युमिनॉसिटी सुमारे ०.१ टक्क्यानं कमी भरते. छेद लहान, म्हणून शिखर खऱ्यापेक्षा उंच, म्हणून न्यूट्रिनो कमी. ही दुरुस्ती केल्यावर उत्तर आलं २.९९१८. पुढे पॅट्रिक जानो आणि स्तानिस्वाव यादाख यांनी भाभा स्कॅटरिंगचं सुधारलेलं गणितही वापरलं, तेव्हा २.९९६३, अधिक-उणे ०.००७४. दोन सिग्मा गेले!

इथे थांबून एक विचारा: चार वेगवेगळे डिटेक्टर, चार वेगवेगळे गट, मग चूक सरासरीत विरली का नाही? कारण ती डिटेक्टरची नव्हतीच. किरण चौघांचा एकच, भाभाचं गणितही चौघांचं एकच. अशी सामायिक एरर चार प्रयोग काय, चाळीस प्रयोगांची सरासरी काढूनही कमी होत नाही. एरर बजेटचा तक्ता वाचताना मी आता आधी ‘कोणती ओळ सगळ्यांमध्ये सारखी आहे’ हे बघतो. तुम्हीही बघा, पेपरमध्ये ती माहिती बहुतेक वेळा असते, फक्त आपण शेवटच्या आकड्याकडे धावतो.

आणि एक शंका, जिचं उत्तर माझ्याकडे नाही. दुरुस्तीनं आकडा तीनकडे सरकला म्हणून आपण समाधानानं मान डोलावली. तो २.९७ झाला असता तर आपण तीच दुरुस्ती आणखी किती वेळा तपासली असती?

डब्ल्यू बोसॉनच्या बाबतीत हा प्रश्न आजही उघडा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सीडीएफ प्रयोगानं त्याचं वस्तुमान ८०,४३३.५ अधिक-उणे ९.४ एमईव्ही दिलं, स्टँडर्ड मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा जवळपास सात सिग्मा वर. २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएसला मिळालं ८०,३६०.२ अधिक-उणे ९.९, म्हणजे मॉडेलच्या अगदी जवळ. दोन्ही गटांनी उत्तर झाकून ठेवून विश्लेषण केलं होतं, दोघांची एरर जवळपास सारखी आहे, आणि दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असणं फार कठीण आहे. सीडीएफच्या आकड्यात काय वेगळं आहे, ते अजून कोणाला सापडलेलं नाही.