कर्जाच्या बाबतीत नेमकं कशाला घाबरायचं?

कोल्हापूर जिल्ह्यात घरात पैसा येण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. दुधाचं बिल दहा दिवसांनी, एमआयडीसीतला पगार महिन्याने, उसाचं बिल हंगामात. जाणारा पैसाही तारखेनेच जातो. बँकेचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता, भिशी, बचत गट आणि ज्याचं नाव घरात मोठ्याने घेत नाहीत त्या माणसाचं व्याज. येणारं जास्त असतं तोवर कुणी हिशेब मांडत नाही. मग एखादं आजारपण येतं, लग्न निघतं, इचलकरंजीत माग बंद पडतो, नाहीतर २०१९ सारखा महापूर येतो आणि एक हप्ता चुकतो. तो भरायला दुसरीकडून उचल घेतली जाते.

इथपासून माणसं नको त्या गोष्टीला घाबरू लागतात आणि खरं घाबरायला हवं तिथे बेफिकीर राहतात. तुरुंगाच्या भीतीने फोन बंद ठेवतात, पण कोऱ्या धनादेशावर सही करताना हात अडखळत नाही. म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या काही समजुती आणि त्यामागची वस्तुस्थिती इथे मांडतो.

‘किती देणं आहे ते मला तोंडपाठ आहे’

तोंडपाठ असतो तो हप्ता. उरलेलं मुद्दल, व्याजाचा खरा दर आणि कुठे काय लिहून दिलंय, हे क्वचितच कुणाला सांगता येतं. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक देण्याला एक पान द्या. कुणाचं, मुद्दल किती उरलं, वर्षाचा व्याजदर किती, हप्ता कधी, तारण काय, जामीनदार कोण, कोरे धनादेश किंवा स्टॅम्पपेपर दिलेत का, हे सगळं त्यावर लिहा. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसनेही लिहा. आणि हे काम नवराबायकोने एकत्र बसून करावं. घरातल्या एकाला माहीत नसलेलं कर्ज फेडण्याचा बेत टिकत नाही.

व्याजदर वर्षाचाच लिहा, असं मी आग्रहाने म्हणतो. आपल्याकडे ‘पाच टक्क्यानं घेतलेत’ असं म्हणतात ते महिन्याचे पाच, म्हणजे वर्षाचे साठ. ‘दहा टक्के’ म्हणजे वर्षाचे एकशेवीस. क्रेडिट कार्डाचा महिन्याचा साडेतीन टक्के दर वर्षाला ४२ टक्के होतो. ‘फ्लॅट’ दराने तर चांगले शिकलेलेही फसतात. १ लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर साधारण २१ टक्के पडतो. कारण फेडून टाकलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच असतं.

आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत याचा पूर्ण अहवाल सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा फुकट द्यायचा असतो. तो मागवा. मोबाईलवरच्या ॲपमधून घेतलेली, विसरून गेलेली कर्जं त्यात सापडतात.

‘हप्ते थकले की पोलीस उचलून नेतात’

नेत नाहीत. कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी देणं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केलं की, ऐपत असूनही जाणूनबुजून पैसे न देणाऱ्यालाच दिवाणी तुरुंगात पाठवता येतं. केवळ गरिबीमुळे फेडू न शकणाऱ्याला नाही. न्यायालयाच्या जप्तीतूनही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं वगळलेली आहेत. वसुलीला आलेल्या माणसाने दारातली वस्तू उचलून न्यायची, असा कुठलाही कायदा नाही.

वसुलीचा फोन कधी करायचा यालाही बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, चारचौघांत बदनामी, नातेवाइकांना त्रास देणं यांनाही मनाई आहे. महिलांच्या गटांना विनातारण कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांसाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच करायची आणि कर्जदार सलग दोन किंवा जास्त वेळा तिथे आली नाही तरच घरी जायचं, असा नियम आहे. रात्री नऊला दारात ठिय्या मारून बसलेल्या माणसाला हे ऐकवायला हरकत नाही. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला एक रुपयाही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

भीती बाळगायची असेल तर धनादेशाची बाळगा. धनादेश न वटणं हा कलम १३८ खाली फौजदारी गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तशीच तरतूद लागू होते. ‘मी कोरा दिला होता, रक्कम त्यांनी भरली’ हा बचाव सहसा टिकत नाही. सही आपली असली की कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी कायद्याचं गृहीतक लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. पण एक गोष्ट हातात असते. अशी नोटीस आली की मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली, तर गुन्हाच बनत नाही. म्हणून पोस्टमनला परत पाठवू नका. नोटीस घ्या, तारीख लिहून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

‘सावकाराला लिहून दिलंय, आता काय करणार?’

बरंच काही करता येतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना असलेल्या सावकारालाही मन मानेल तसं व्याज लावता येत नाही. सरकारने ठरवलेले दर वर्षाचे आहेत: शेतकऱ्याला तारणी कर्ज ९ टक्के, विनातारण १२, इतरांना तारणी १५, विनातारण १८. चक्रवाढ व्याजाला बंदी आहे. आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. आपल्या आजोबांना ठाऊक असलेला दामदुपटीचा नियम तो हाच.

महिना दहा टक्क्यांनी १ लाख घेतलेल्या माणसाने वर्षभरात १ लाख २० हजार भरलेले असतात आणि मुद्दल जसंच्या तसं असतं. कायद्याच्या नजरेत व्याजाची मर्यादा त्याने कधीच ओलांडलेली असते, तरी तो खाली मान घालून पुढचा हप्ता जुळवत फिरतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त चीड याची येते.

जमिनीचं प्रकरण आणखी गंभीर आहे. कर्ज देताना सावकार गहाणखत करत नाही, थेट खरेदीखत करून घेतो. ‘पैसे दिलेस की उलटं खत करून देतो’ हा शब्द तोंडी असतो. सात-बारावर नाव बदलतं आणि शेतकरी हरला असं समजून गप्प बसतो. पण सावकारीच्या व्यवहारात अशी गेलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंती परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. हे सहकार खात्याचे अधिकारी आहेत. तालुक्याला सहायक निबंधकांकडेही तक्रार देता येते. घराची, दुकानाची झडती घेऊन कागद जप्त करण्याचा अधिकार या यंत्रणेला आहे. अर्जाला मुदत असते, म्हणून उशीर करू नका. रकमेची जागा कोरी ठेवून कागद लिहून घेणं हाही गुन्हा आहे. पैसे दिल्याच्या तारखा, मोबाईलवरून केलेले भरणे, संदेश, साक्षीदार, सगळं वहीच्या त्याच पानावर नोंदवा.

‘जामीनदार काय, सहीपुरता’

पतसंस्थांच्या या जिल्ह्यात याइतकी महागात पडलेली दुसरी समजूत नसेल. एकाच कारखान्यातले, एकाच गल्लीतले लोक एकमेकांना जामीन राहतात. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी, मग जामीनदाराकडे यावं, अशी सक्ती नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला दोघांविरुद्ध निघतो. जामीनदाराने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे, पण त्यासाठी त्यालाच पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. कर्जदाराने हप्ता चुकण्याआधी जामीनदाराच्या घरी जाऊन खरं काय ते सांगावं. त्याला ते नोटिशीतून कळू देऊ नये.

‘नवं-जुनं करू, निभावून नेऊ’

नवं कर्ज काढून जुनं भरणं नेहमीच वाईट असतं असं नाही. नवा दर किती यावर ते ठरतं. समजा, शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कामगाराने ५० हजार रुपये महिना पाच टक्क्यांनी घेतलेत. महिन्याला २,५०० व्याज जातं, मुद्दल हलत नाही. घरातला दागिना बँकेत ठेवून तेच ५० हजार वर्षाला १२ टक्क्यांनी मिळाले आणि सावकाराचं देणं फिटलं, तर महिन्याला तेच २,५०० भरून सारं कर्ज २३ महिन्यांत संपतं. दागिना मोडू नये म्हणून साठ टक्के व्याज भरत राहणारी घरं आहेत. ती प्रतिष्ठा फार महाग पडते. उलट, पतसंस्थेचा हप्ता भरायला मोबाईलच्या ॲपमधून पैसे उचलणं म्हणजे आणखी खोलात जाणं. ते करू नका.

फेडीचा क्रम ठरवताना आधी किराणा, औषधं, वीजबिल, मुलांची फी बाजूला काढा. उरलेल्यातून राहत्या घराचा आणि जामीनदार असलेल्या कर्जाचा हप्ता आधी भरा. त्यानंतर हाती राहील ती प्रत्येक जादा रक्कम सर्वांत चढ्या दराच्या देण्यावर टाका. पुरत नसेल तर शाखेत वही घेऊन जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. महिन्याला झेपेल तोच आकडा सांगा. लाजेपोटी मोठा आकडा कबूल केला की तिसऱ्या महिन्याला शब्द मोडतो.

‘सेटलमेंट झाली, मिटलं’

एकरकमी परतफेडीत सूट मिळते, पण पत-अहवालात ते खातं पूर्ण फेडलेलं दिसत नाही, तडजोडीने मिटवलेलं दिसतं. पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आडवं येतं. तरी दुसरा मार्ग नसेल तर तडजोड जरूर करावी. फक्त पैसे भरण्याआधी पत्र हातात घ्या. नंतर बेबाकी दाखला घ्या, दिलेले धनादेश परत मागा, सात-बारावरचा बोजा उतरवा. बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करायची असतात. त्यांच्याकडून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बांधील असतो आणि त्यावर अपील नाही, हेही सही करण्याआधी लक्षात घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो, आणि महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

‘तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज बुडतं’ असंही ऐकू येतं. दावा लावायची मुदत बहुधा तीन वर्षं असते हे खरं, पण लेखी कबुली दिली किंवा थोडीशी रक्कम भरली की मुदत नव्याने सुरू होते. गहाण कर्जाला १२ वर्षं असतात. या भरवशावर कुणी राहू नये.

कर्जमाफीची वाट बघणंही तसंच. २०१७ ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी शेतीकर्जाची होती. पतसंस्थेचं, कार्डाचं, वाहनाचं, सावकाराचं देणं त्यात कधीच नव्हतं. पीककर्ज नियमित भरणाऱ्यांना मात्र पुढे ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन अनुदान मिळालं.

‘मी गेलो की कर्ज मिटेल’

हा विचार फार घरांत कुणाच्या तरी मनात येऊन गेलेला असतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मिटत नाही. तारण तारणच राहतं, जामीनदार जामीनदारच राहतो, आणि कागद कुठे आहेत हे ठाऊक असलेला एकमेव माणूस घराने गमावलेला असतो. कर्ज कितीही मोठं असलं तरी त्यावर बोलणी होऊ शकतात. रात्री झोप लागत नसेल, मनात असे विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. तिथे चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलता येतं. तुमच्या ओळखीतलं कुणी असं बोललं तर त्याला एकटं सोडू नका.

हप्ता चुकणार असं दिसत असेल तर चुकण्याआधीच शाखेत जा. बँकेचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं, आणि मग घर तारण असेल तर ६० दिवसांची नोटीस निघू शकते. त्याआधीच्या तीन महिन्यांत मुदत वाढवून मागणं, हप्ता कमी करून घेणं, दागिना ठेवून महाग कर्ज फेडणं हे सारे मार्ग खुले असतात. वही आजच काढा.