स्पर्श आणि वेदना : शरीराचे जागरूक पहारेकरी

मिरची चावताच जीभ भाजल्यासारखी का वाटते? या साध्या प्रश्नाने मज्जासंस्थेच्या एका मोलाच्या संशोधनास चालना दिली. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याचा मागोवा घेतला. १९९७ साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मज्जातंतूंवरील 'टीआरपीव्ही-१' हे प्रथिन गवसले. उष्णता सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाताच त्याचे सूक्ष्म द्वार उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि वेदनेचा संदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे धावतो. कॅप्सेसिनही हेच द्वार उघडते.

स्पर्शाचे कोडे लेबननमध्ये जन्मलेल्या डॉ. आर्डेम पॅटापूटियन यांनी उलगडले. दाब जाणणाऱ्या पेशींतील एकेक जनुक निष्क्रिय करीत त्यांचा गट २०१० साली 'पिएझो' प्रथिनांपर्यंत पोचला. यांतील 'पिएझो-२' मुळे हलका स्पर्श जाणवतो आणि डोळे मिटूनही हातपाय कोठे आहेत हे कळते. उभयतांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या ज्ञानातून नवी वेदनाशामके घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु मार्ग सोपा नाही. टीआरपीव्ही-१ चे द्वार रोखणाऱ्या काही औषधांनी रुग्णांच्या शरीराचे तापमान वाढले. शिवाय वेदना ही संरक्षकही आहे. कुष्ठरोगात किंवा दीर्घकाळच्या मधुमेहात संवेदना हरपली, की चटका वा जखम कळत नाही आणि ती चिघळते. म्हणून अशा रुग्णांनी आपले तळपाय दररोज डोळ्यांनी तपासावेत. जे काम वेदना करीत नाही, ते दक्षतेने करावे लागते.