परदेशी इंग्रजीचे अध्यापन आणि वैद्यकीय तपासणी

इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी जाणाऱ्या शिक्षकाला पदवी, अनुभव आणि चारित्र्याचा दाखला यांखेरीज आणखी एका कसोटीस उतरावे लागते. ही कसोटी म्हणजे वैद्यकीय तपासणी होय. तिचा निकाल प्रतिकूल आल्यास हातात नियुक्तिपत्र असूनही माघारी फिरण्याची पाळी येते. कर्ज काढून, घरची नोकरी सोडून निघालेल्या माणसाला अशा वेळी धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. या धास्तीपोटी काही उमेदवार जुना आजार लपवितात, तर काही पुढे येईल त्या कागदावर न वाचताच सही करतात. दोन्ही गोष्टी अंती नुकसानीच्या ठरतात. तपासणीत काय पाहिले जाते, ते का पाहिले जाते आणि तिची वाजवी मर्यादा कोणती, याची माहिती असणे हाच त्यावरील उपाय आहे. या दृष्टीने दक्षिण कोरियाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

कोरियाची वाट

शासकीय शाळांतून परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची योजना दक्षिण कोरियाने १९९५ साली सुरू केली. अशा शिक्षकांना ‘ई-२’ या वर्गाचा व्हिसा दिला जातो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोजक्या देशांच्या नागरिकांपुरतीच ही सवलत प्रारंभी होती. १ जानेवारी २०१० पासून भारत व कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार अमलात आला. त्यात इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकांचा समावेश असल्यामुळे पदवी आणि इंग्रजी अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांनाही ही वाट मोकळी झाली. इंदूर, वडोदरा, हैदराबाद वा गोवा येथील इंग्रजीच्या शिक्षकांना म्हणूनच हा विषय परका राहिलेला नाही.

निघण्यापूर्वी : क्षयरोगाची तपासणी

मार्च २०१६ पासून क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांतील नागरिकांना दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र जोडणे कोरियाने बंधनकारक केले. प्रारंभीच्या १८ देशांच्या यादीतच भारताचे नाव होते. हे प्रमाणपत्र कोणत्याही दवाखान्याचे चालत नाही. दूतावासाने मान्य केलेल्या रुग्णालयाचेच ते असावे लागते.

या तपासणीमागील कारण उघड आहे. फुप्फुसाचा क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो, आणि शिक्षक दिवसाचे कित्येक तास बंद वर्गात मुलांच्या सान्निध्यात असतो. तपासणी छातीच्या क्ष-किरण चित्राने सुरू होते. चित्रात संशयास्पद काही आढळल्यास थुंकी तपासली जाते.

येथे एक अडचण अनेकांना येते. लहानपणी वा तरुणपणी क्षय होऊन पूर्ण बरा झाला, तरी फुप्फुसावर त्याचा व्रण राहू शकतो आणि तो चित्रात दिसतो. व्रण म्हणजे चालू रोग नव्हे. परंतु केवळ एका चित्रावरून हा भेद नेहमीच करता येत नाही. अशा वेळी थुंकीतील जंतूंची वाढ करून पाहावी लागते व तिचा अखेरचा निकाल यावयास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. जुनी क्ष-किरण चित्रे आणि उपचार पूर्ण केल्याचा दाखला जवळ असल्यास डॉक्टरांना तुलना करता येते. व्रण वर्षानुवर्षे तसाच आहे असे दिसले, तर शंका बरीच कमी होते. म्हणून ज्यांना पूर्वी हा आजार होऊन गेला असेल त्यांनी प्रयाणाच्या तोंडावर न जाता काही महिने आधीच तपासून घ्यावे आणि उपचार जेथे झाला त्या आरोग्य केंद्रातून दाखला मिळवावा.

चालू रोग आढळला तरी सर्व संपले असे मानण्याचे कारण नाही. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय सुमारे सहा महिन्यांच्या नियमित उपचाराने बरा होतो, आणि शासकीय आरोग्य केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते. परदेशगमन काही काळ लांबते. पण वेळीच रोग कळल्यामुळे उमेदवाराचे घर आणि त्याचे भावी विद्यार्थी दोघेही वाचतात.

पोहोचल्यानंतर : मादक द्रव्यांची तपासणी

कोरियात उतरल्यानंतर शिक्षकाला ९० दिवसांच्या आत परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी, रक्त आणि लघवी यांच्या जोडीला मादक द्रव्यांचीही चाचणी घेतली जाते. अफूजन्य पदार्थ, गांजा-भांग, कोकेन व मेथॲम्फेटामीन यांचे अंश शरीरात आहेत काय, हे त्यात पाहतात.

भारतीय उमेदवाराने दोन गोष्टींची दखल घेणे अगत्याचे आहे. पहिली भांगेची. होळी वा महाशिवरात्रीला थंडाईतून घेतलेली भांग पुष्कळांना निरुपद्रवी वाटते, आणि मध्य प्रदेशात तर ती परवानाधारक दुकानांतून मिळते. परंतु प्रयोगशाळेच्या दृष्टीने भांग आणि गांजा एकाच झाडाचे आहेत. भांगेतील मादक द्रव्य चरबीत साठत असल्यामुळे नेहमी सेवन करणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक आठवडे सापडू शकतात. कोरियात तिचे सेवन हा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट खसखशीची. मंदसौर-नीमच भागात परवान्याने होणाऱ्या अफूच्या शेतीतूनच खसखस मिळते. खसखस खाऊन नशा येत नाही. तरीही तिच्या दाण्यांना बोंडातील चिकाचा लवलेश लागलेला असतो. अनारसे, खसखशीची खीर किंवा वाटण भरपूर खाल्ल्यानंतर एकदोन दिवस लघवीत मॉर्फिनचा अंश आढळू शकतो. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही तसेच आहे. म्हणून तपासणीपूर्वी काही दिवस खसखस टाळावी, चालू औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घेऊन सोबत ठेवावी आणि ती रक्त-लघवी देण्यापूर्वीच दाखवावी. पहिली चाचणी स्थूल स्वरूपाची असते. तिचा निकाल अनपेक्षित आल्यास अधिक अचूक पद्धतीने खातरजमा करण्याची विनंती उमेदवाराने अवश्य करावी.

एका शिक्षिकेचा नकार

क्षयाची तपासणी वर्गातील मुलांच्या रक्षणासाठी असते, हे समजण्याजोगे आहे. परंतु प्रत्येक तपासणीचे समर्थन असे करता येतेच असे नाही. २००७ च्या अखेरीस परदेशी शिक्षकांविषयी कोरियात लोकक्षोभ उसळला असता ‘ई-२’ शिक्षकांवर एच.आय.व्ही.ची चाचणीही लादण्यात आली. कोरियन शिक्षकांना मात्र ती लागू नव्हती, आणि परदेशी नागरिकत्व असलेल्या कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही नव्हती.

उल्सान शहरातील प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने प्रारंभीची चाचणी दिली होती. २००९ साली कराराच्या नूतनीकरणासाठी पुन्हा तीच चाचणी मागण्यात आली तेव्हा तिने नकार दिला. तिचा करार पुढे चालू राहिला नाही व तिला देश सोडावा लागला. तिने लवादाकडे आणि कोरियाच्या मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली, परंतु तेथे न्याय मिळाला नाही. अखेरीस प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपुढे गेले. सार्वजनिक आरोग्याच्या कारणाने या चाचणीचे समर्थन होत नाही, असे मत समितीने मे २०१५ मध्ये दिले. परदेशी शिक्षकांची नीतिमत्ता पारखण्याचे साधन म्हणून ही चाचणी पाहिली जात होती, ही गोष्टही समितीने नमूद केली. २०१७ च्या जुलैमध्ये कोरियाने ही अट रद्द केली. २०१९ साली सोल येथील न्यायालयाने त्या शिक्षिकेला तीन कोटी वोन नुकसानभरपाई देण्याचा आदेश शासनाला दिला. एका नकाराची दखल घेतली जाण्यास दहा वर्षे लागली. तथापि तिच्यामागून येणाऱ्या सर्व शिक्षकांचा मार्ग त्यामुळे सुकर झाला.

आपल्याकडील अनुभव

अशी चूक परक्या देशातच झाली असे मानता येणार नाही. १९८९ साली गोव्यात एका तरुण रक्तदात्याला एच.आय.व्ही.चा संसर्ग असल्याचे आढळले, तेव्हा तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे त्याला ६४ दिवस एकांतात डांबून ठेवण्यात आले होते. हा विषाणू एका बाकावर बसल्याने, हस्तांदोलनाने वा एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे शास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. त्या ज्ञानाशी सुसंगत असा केंद्रीय कायदा २०१७ साली झाला व सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. नोकरी मिळविण्यासाठी एच.आय.व्ही. चाचणीची पूर्वअट घालण्यास या कायद्याने मनाई केली आहे. संमतीवाचून चाचणी करणे आणि निकाल इतरांना कळविणे यांवरही कायद्याने निर्बंध घातले आहेत. शाळांचे व्यवस्थापक आणि स्थानिक अधिकारी यांनी याची नोंद घेणे आवश्यक आहे. अर्थात भारतीय कायद्याचा अंमल परदेशी शासनाच्या व्हिसाच्या अटींवर चालत नाही. त्या अटी प्रत्येक देशाच्या वेगळ्या असतात व वेळोवेळी बदलतात.

उमेदवाराने काय करावे

म्हणून दलालाच्या तोंडी माहितीवर विसंबून न राहता त्या त्या देशाच्या दूतावासाची चालू सूचना स्वतः वाचावी. आरोग्याविषयीच्या निवेदनात खरी माहिती लिहावी. खोटे निवेदन उघडकीस आल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो, मग मूळ आजार कितीही क्षुल्लक असो. कोणकोणत्या चाचण्या होणार याची यादी आधी मागून घ्यावी आणि समजली नाही ती गोष्ट विचारावी. अहवाल बंद लिफाफ्यात कार्यालयाकडे जाणार असेल, तर स्वतःसाठी वेगळी प्रत मागावी. मान्यताप्राप्त रुग्णालयाबाहेर कोणी पैसे घेऊन ‘पास’ करून देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

गावातील शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य सेवक यांना यात बरेच साहाय्य करता येईल. परदेशी निघालेल्या तरुण-तरुणींना जुने उपचारपत्र शोधून देणे, दाखल्यावरील नाव पारपत्रावरील नावाशी जुळते की नाही हे पाहणे आणि तपासणी वेळेवर करून घेण्यास सांगणे, ही कामे लहान आहेत. परंतु उपचारपत्र हरवल्यामुळे किंवा नावातील एका अक्षराच्या फरकामुळे कोणाची संधी हुकू नये, यासाठी ती निघण्यापूर्वीच व्हावयास हवीत.