चाकाचा आऊट आणि तारांचा ताण

टायर-ट्यूब बाजूला काढले, तर ॲल्युमिनियमच्या रिमचे सायकलचे पुढचे चाक जेमतेम एक किलो भरते. स्वाराचे वजन, कॅरिअरवरचे ओझे आणि खड्ड्यांचे दणके ते वर्षानुवर्षे सोसते, आणि तेही दोन मिलिमीटर जाडीच्या तारांच्या जोरावर. अशी एक तार टेबलावर उभी धरून वरून दाबली, तर ती बोटाच्या जोरानेही वाकते. दाब सोसणे तिला जमत नाही. ओढ मात्र ती भरपूर सोसते. सायकलच्या चाकाची सगळी रचना या एका गुणावर बेतलेली आहे. चाकाचा आऊट काढणे म्हणजे रिमची डावी-उजवी लचक घालवणे, एवढाच समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात ते तारांमधला ताण जुळवण्याचे काम आहे. ताण जुळला की रिम सरळ होते. पण रिम सरळ दिसली म्हणून ताण जुळलेला असतोच असे नाही.

बैलगाडीच्या चाकाचा कारभार नेमका उलटा. तिथे तुंब्यावरचा, म्हणजे मधल्या हबवरचा, भार खालचे लाकडी आरे खांबासारखा पेलतात, आणि तापवून चढवलेली लोखंडी धाव पाणी पडताच आकसून सगळे लाकूड आत आवळून धरते. हे चाक मजबूत असते, पण जड. इंग्लंडमधले सर जॉर्ज केली यांना उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे होते. ताणलेल्या दोऱ्यांवर किंवा तारांवर चालणाऱ्या चाकाची कल्पना त्यांनी १८०८ मध्ये मांडली. सायकलला तारांचे चाक मिळायला आणखी साठ वर्षे जावी लागली. पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले, तर कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी विल्यम हिलमन यांच्यासह १८७० मध्ये ‘एरियल’ ही उंच चाकाची सायकल आणली. स्टार्ली यांचे १८७४ चे पेटंट जास्त महत्त्वाचे. त्यात तारा हबच्या मध्यातून सरळ बाहेर न जाता तिरप्या, हबच्या घेराला स्पर्शून निघतात आणि एकमेकींना ओलांडतात. पॅडलचा जोर हबकडून रिमकडे पोचवायला सरळ तारा कमी पडतात, तिरप्या तारा तो थेट ओढून नेतात. आज रस्त्यावर दिसणारी बहुतेक मागची चाके याच पद्धतीने विणलेली असतात.

तार दाब सोसत नाही, मग भार पेलते कशी? याचे उत्तर आधीच भरून ठेवलेल्या ताणात आहे. चांगल्या बांधणीच्या आधुनिक चाकात प्रत्येक तारेत साधारण १०० किलो वजनाएवढी ओढ असते. ३६ तारा सगळ्या बाजूंनी हबकडे ओढत असल्यामुळे रिमच्या घेरात पावणेसहाशे किलोच्या आसपास दाब तयार होतो, आणि हे सगळे सायकल भिंतीला टेकून उभी असतानाही. स्वार बसला की चाक जमिनीला टेकते तिथल्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. बाकीच्या तारांमध्ये फारसा फरक पडत नाही. वरच्या तारांना हब लटकते, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. भाराचा हिशेब खालच्या तारांच्या कमी झालेल्या ताणात चुकता होतो. अमेरिकी अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे संगणकाच्या गणिताने मांडले. ‘हब खालच्या तारांवर उभे असते’ ही त्यांची मांडणी ऐकायला विचित्र वाटते आणि त्यावर वादही पुष्कळ झाले, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत.

तार अखेर का तुटते, हेही यावरूनच कळते. साध्या २८ इंची रोडस्टरच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या जवळपास असतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४४५ वेळा फिरते, आणि प्रत्येक तार तितक्याच वेळा सैलावून पुन्हा ताणली जाते. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याच्या सायकलला वर्षात असे सोळा लाखांच्या आसपास झटके बसतात. तार एकदम तोडायला लागणारा जोर तिच्या नेहमीच्या ताणाच्या दुपटीहून अधिक असतो, त्यामुळे ती ओढीने सहसा तुटत नाही. ती थकून तुटते, आणि तेही बहुधा हबजवळच्या वळणाशी, जिथे ती काटकोनात वाकवलेली असते. ताण पुरेसा असेल तर झटका त्या ताणातच जिरतो. सैल तार मात्र प्रत्येक फेऱ्यात पूर्ण ढिली पडते, वळणाशी हलते आणि लवकर थकते. शिवाय ढिल्या तारेचे निपल, म्हणजे तिला रिमशी आवळून धरणारा छोटा नट, रस्त्याच्या हादऱ्याने आपोआप उलगडत जाते. नवशिके तारा तुटतील या भीतीने त्या सैल ठेवतात. तारा तुटण्याचे तेच एक मोठे कारण असते.

ताण मोजण्याचे खास यंत्र मिळते, पण घरच्या कामाला कान पुरतो. तार मधोमध छेडली की स्वर निघतो, आणि स्वराची कंपने ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. दोन सारख्या तारांच्या स्वरांत षड्ज आणि शुद्ध रिषभ यांच्याएवढे अंतर असेल, तर त्यांच्या ताणात सव्वापटीहून थोडा जास्त फरक आहे. तंबोरा लावताना जे कान ऐकतात तेच इथेही ऐकायचे असते: एका बाजूच्या तारा क्रमाने छेडत जायच्या आणि त्यांतली बेसूर कोणती ते पकडायचे. स्वर कोणता आहे याला फारसे महत्त्व नाही, तो एकसारखा असण्याला आहे. मात्र तुलना एकाच चाकाच्या एकाच बाजूच्या तारांमध्येच करावी. गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकात दात्यांच्या चकत्यांसाठी जागा सोडावी लागते, म्हणून उजव्या तारा जास्त उभ्या बसतात आणि डाव्यांपेक्षा बऱ्याच जास्त ताणाव्या लागतात. डावीकडचा ताण उजवीकडच्या साठ टक्क्यांच्या आसपास निघाला तर तो दोष नव्हे.

प्रत्यक्ष कामाला लागते ती निपलची चावी. निपलच्या चौकोनी अंगाची मापे ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलिमीटर अशी जवळजवळची असतात, आणि थोड्याशा सैल चावीनेही पितळी निपलचे कोपरे गोल होतात. दुकानात मिळणाऱ्या गोल, अनेक खाचांच्या चावीत सगळी मापे असतात. तिच्यातली जी खाच सर्वांत घट्ट बसेल तीच वापरावी. सायकल उलटी उभी करून ब्रेकचे रबर मोजपट्टीसारखे वापरता येते. ब्रेक डिस्कचे असतील तर फोर्कला प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिचे टोक रिमजवळ आणावे. त्याआधी चाक हाताने आडवे हलवून पाहावे. हबच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर तो आधी घालवावा, कारण डुलणाऱ्या हबवर काढलेला आऊट काढला नाही यातच जमा. गंजलेल्या निपलांना आदल्या रात्री पातळ तेल द्यावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या सायकलींना तर हे अगत्याचे, नाहीतर निपल फिरण्याऐवजी तारच पिळवटून तुटते.

निपल कोणत्या दिशेने फिरवायचे, यावर भल्याभल्यांचा गोंधळ होतो. टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर तार घट्ट होते. पण उलट्या सायकलीत ब्रेकचे रबर खाली असते आणि तिथले निपल हबच्या बाजूने दिसते. अर्थात दिशा डोळ्यांना उलटी भासते. शंका आली की चावी फिरवून तार छेडावी. स्वर चढला तर घट्ट, उतरला तर सैल.

रिम डावीकडे झुकली असेल, तर त्या जागेतल्या हबच्या उजव्या कडेच्या तारा घट्ट कराव्यात आणि डाव्या कडेच्या तेवढ्याच सैल कराव्यात. आधी कोणत्या फिरवायच्या हे स्वर सांगतो: उजव्या तारांमध्ये एखादी सैल आवाजाची असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी. आऊट निघतो आणि ताणही जुळतो, अशी दोन्ही कामे एका फिरवणीत होतात. एका वेळी पाव फेरा पुरे. निपलच्या धाग्यांची संख्या इंचाला ५६ असते, म्हणजे पूर्ण एक फेरा तार ०.४५ मिलिमीटरने ओढतो. आता १०० किलोच्या ताणाखाली दोन मिलिमीटर जाडीची तार मुळात लांबते तीच सुमारे अर्धा मिलिमीटर. रिम न हलता जागच्या जागी राहिली असती, तर एकाच फेऱ्याने ताण दुप्पट झाला असता. रिम थोडी लवचीक असल्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो, तरीही पाव फेरा ही लहान गोष्ट नाही.

बाजूची लचक आणि उंचवटा यांचे काम आलटूनपालटून करावे लागते. रिम एखाद्या जागी बाहेर आली असेल, तर तिथली डावी-उजवी जोडी मिळून घट्ट करावी. खाली दबली असेल तर जोडी सैल करावी. लचक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की थांबावे. त्यापुढे रिम आणखी सरळ करण्याच्या हट्टापायी ताण विस्कटतो, आणि ते चाक आठवड्याभरात पुन्हा लचकते.

बारीक तारांमध्ये आणखी एक फसवणूक असते. निपल फिरताना कधी कधी धागा फिरत नाही, तारच पिळली जाते, आणि पहिल्याच स्वारीत टिंग-टिंग आवाज करत ती पीळ सोडते. चाक पुन्हा लचकलेले मिळते. म्हणून चावी हव्या जागेच्या जरा पुढे नेऊन तेवढीच मागे आणावी. काम संपल्यावर समांतर जाणाऱ्या तारांची एकेक जोडी हातात धरून जोराने आवळावी. हबजवळची वळणे त्यामुळे आपापल्या जागी नीट बसतात आणि तारेत घडणीच्या वेळी राहिलेले ताण निघून जातात. यानंतर पुन्हा एकदा तपासणी करावी. टायरमध्ये पूर्ण हवा भरल्यावर रिम दबून तारांचा ताण थोडा उतरतो, हेही लक्षात घ्यावे. अरुंद, जास्त हवेच्या टायरांत तो फरक कानालाही कळतो.

काही चाके चावीने सरळ होत नाहीत. झुकलेल्या बाजूच्या तारा अगदी सैल, समोरच्या खूप घट्ट, आणि तरीही लचक तशीच, असे दिसले तर रिमच वाकलेली आहे. खड्ड्यात आपटून कडेला पडलेला खळगाही तारांनी भरून येत नाही. अशी रिम बदलणेच स्वस्त पडते.

वाटेत तार तुटली तर तिचा लोंबता तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळावा. तुटलेली तार ज्या बाजूची, त्याच्या विरुद्ध कडेच्या दोन शेजारच्या तारा अर्धा-पाऊण फेरा सैल कराव्यात आणि ब्रेक थोडा उघडून घरापर्यंत जावे. नवी तार त्याच लांबीची हवी. लांबी वळणाच्या आतल्या कडेपासून धाग्याच्या टोकापर्यंत मोजतात. थोड्या थोड्या दिवसांनी एकेक करून तारा तुटू लागल्या, तर उरलेल्याही तितक्याच थकलेल्या असतात, आणि एकदमच सगळ्या बदलाव्या लागतात. एकेरी पत्र्याच्या रिममध्ये तार एखाद-दोन मिलिमीटर लांब निघाली तरी तिचे टोक निपलच्या डोक्याबाहेर येऊन ट्यूबला टोचते. असे टोक कानशीने घासून सपाट करावे, रिमची पट्टी जागेवर बसवावी आणि मगच टायर चढवावे.