नुसते बी.ए.? होय, पण पुरे करा!

बारावीचा निकाल लागला की आमच्या बौद्धवाडीत पेढ्यांबरोबर वादही सुरू होतात. गेल्या खेपेस एका बापाने आम्हाला बांद्याच्या बाजारातच गाठले. "भाऊ, झिलाक बी.ए. करून काय गावतला? गोव्याक कंपनीत लागलो तर महिन्याक पगार तरी येतलो."

त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. सकाळी पेडण्याकडे मोटारसायकली धावतात, त्यांत आपलीच पोरे असतात आणि कित्येक घरची चूल त्या पगारावर पेटते.

पण आमच्या ओळखीच्या एका मुलाचे ऐका. एस.वाय.ला असताना तो कंपनीत लागला आणि कॉलेज सुटले. २०२३ साली तलाठ्यांची भरती निघाली, तेव्हा तो अर्ज भरायला आमच्याकडे आला. जातीचा दाखला, अधिवास, सगळे पिशवीत होते. अट मात्र कोणत्याही शाखेच्या पदवीची. आम्ही वीस वर्षे कारकुनी केली, पण तो कोरा अर्ज परत देताना हात जड झाला.

आता तर हा मोह वाढला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. पदवी तीन वर्षांनीच. पालकांनो, प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे! जिथे पदवीधर मागतात तिथे ते चालत नाही. बाहेर पडावेच लागले, तर तीन वर्षांच्या आत परत येण्याची सोय आहे, ती विसरू नका.

बांद्यात गोगटे-वाळके महाविद्यालय आहे, सावंतवाडीला श्री पंचम खेमराज महाविद्यालय आहे. नाव घालताना मित्राने घेतला म्हणून विषय घेऊ नये. शिक्षक व्हायचे असेल तर शाळेत शिकवला जातो तोच विषय मुख्य घ्यावा. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल उपयोगी पडतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे पानभर मुद्देसूद लिहिता आले पाहिजे. गाईड पाठ करून ते येत नाही. (आम्ही स्वतः बी.कॉम., पण आकड्यांची गोडी नसलेल्या पोराला कॉमर्समध्ये ढकलू नका!)

बी.ए.ला नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगतो की बाबासाहेबही १९१२ साली आधी बी.ए.च झाले, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तिथे नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत.

कंपनी सोडता येत नसेल त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मराठीतून बी.ए. करता येते, रोज वर्गात बसावे लागत नाही आणि पदवी इतर विद्यापीठांच्या बरोबरीची धरली जाते. लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या आमच्या भगिनींनीही याचा विचार करावा.

कॉलेजच्या खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवे. अर्ज महाडीबीटीवर भरतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, जूनमध्ये तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.

तो तलाठ्याचा अर्ज घेऊन आलेला मुलगा आता मुक्त विद्यापीठात आहे. रात्रपाळी उरकून आला की दुपारी पुस्तक उघडतो, असे त्याची आई सांगत होती.